कोरा खांदा

देऊळघाटच्या वाचनालयाने नव्या सभागृहात जुन्या काळच्या पेहरावाचं एक चित्र लावायचं ठरवलं, तेव्हा शाळेतले चित्रकला शिक्षक गजेंद्र सरांनी ते काम आपलंच धरून भिंतीचं मापही घेतलं. शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या फलकांवरचे सगळे सरदार त्यांच्याच हातचे. पोस्टर रंगात त्यांनी काढलेली पगडी अशी घट्ट असायची, की ठोकली तर वाजेल, असं लोक म्हणत.

मग कोणीतरी अनुपमाचं नाव काढलं. ती सरांचीच विद्यार्थिनी, आता त्यांच्याच शाळेत कलाशिक्षिका. दोघांनी मलमलीचा जामा, म्हणजे घेरदार अंगरखा, घातलेला सरदार काढावा आणि वाचनालयाचे अध्यक्ष शेषराव यांनी त्यातला एक निवडावा, असं ठरलं.

सरांनी जाम्याची चुणी न् चुणी रंगवली. नंतर शिक्षकांच्या खोलीत त्यांनी अनुपमाचं चित्र पाहिलं. तिने जलरंग वापरले होते. निळसर पाण्याचे दोन-तीन हात, त्यातून आतल्या लाल सुरवारीची झाक, आणि खांद्यावर ऊन पडलेलं, तिथे नुसता कोरा कागद. पंखा लावला तर कापड हलेल असं वाटत होतं. सरांच्या एकाही जाम्यातून आतला माणूस आजवर दिसला नव्हता.

"सरदार असा अर्ध्या कपड्यात हिंडत होता काय व?"

"मलमल हाय न सर. दिसनच थोडं."

चहाला आलेले शेषराव मध्येच म्हणाले, "कपड्याले हवा लागून राह्यली पाहा! सर, तुमचा सरदार मात्र थंडीतला वाटते."

सगळे हसले. सरही हसले, पण चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी अनुपमाच त्यांच्याकडे आली. "सर, शेल्याची जर मले तुमच्यासारखी जमत नाही. दोन हात मारता काय?" चित्र त्यांच्यापुढे ठेवून ती तासाला गेली.

शेल्याची जर त्यांनी झकास काढली. तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण तो कोरा खांदा डोळ्यांत खुपत होता. पोरीचं अर्धवट राहिलंय, पुरं करून देऊ, असं मनाशी म्हणत त्यांनी पांढऱ्या रंगाची ट्यूब उघडली. एक फटकारा मारला, तो मिसळावा म्हणून दुसरा. खांद्यावरचं ऊन गेलं. चुना फासल्यासारखा डाग उठला आणि अख्खा जामा गोधडीसारखा जड झाला. ओल्या फडक्याने टिपायला गेले, तर पांढरा निघेना. शेजारचा निळाच निघून आला.

अनुपमा परतली. तिने चित्र उचलून उजेडाकडे धरलं.

"असं काऊन केलं हो सर?"

"कागद उघडा राह्यला होता."

"तो ठेवलाच होता."

शेषरावांना तिने एवढंच सांगितलं, की चित्र खराब झालं.

भिंतीवर सरांचा सरदार लागला. उद्घाटनाला शाल-नारळ झाला, "पक्कं काम!" असं शेषराव दोनदा म्हणाले. सर आपल्याच सरदाराचा खांदा पाहत होते. तिथे पांढरा रंग भरपूर होता, ऊन कुठेच नव्हतं.

"अभिनंदन सर," अनुपमा जवळ येऊन म्हणाली.

"दुसरं केलं म्हणे तू?"

"हाव. पहिल्याहून बरं उतरलं."

"दाखव न मले."

"तुमाले नाही दाखवत," ती म्हणाली आणि पाहुण्यांना चहा द्यायला गेली.

सर शाल पांघरून घामाघूम तिथेच उभे राहिले. या खेपेला तिने खांदा किती कोरा सोडला असेल, याचा अंदाज त्यांना काही केल्या बांधता येईना.