जांभळापर्यंत पोहोचणारं वायफाय

ती घटना आठवली की गुन्हेगाराचा चेहरा मागाहून येतो. आधी येते ती कुंभवलीतली एक दुपार. समोर जांभळाचं झाड, त्याखाली मोरीचा कठडा आणि हवेत कारखान्यांचा तो गोडसर उग्र वास. त्या वासाची सवय झाली की माणूस बोईसरचा झाला असं खुशाल समजावं. आता निवृत्तीनंतर जेवून आरामखुर्चीत पडलो, डोळा लागतो न लागतो तोच ती दुपार येऊन बसते. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांच्यावर संशय होता त्यांना सारी गल्ली भाऊ म्हणायची, मीही तेच म्हणतो.

झालं असं. एका सकाळी पाळी बदलायच्या वेळेला औद्योगिक वसाहतीत मोबाइलवर संदेश फिरला, की अमुक कारखान्याच्या टाकीतून विषारी वायू सुटलाय, जीव वाचवा. वायूबियू काही नव्हता. पण फाटकाशी अशी रेटारेटी झाली की झाडलोट करणारी एक बाई खाली पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. फिर्याद आली, गुन्हा दाखल झाला, तपास माझ्याकडे. संदेश टाकणारं खातं खोट्या नावाचं होतं. मात्र तो ज्या इंटरनेट जोडणीवरून निघाला, तिचा पत्ता सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळाला. पत्ता भाऊंच्या घराचा होता.

भाऊ मूळचे साताऱ्याकडचे. तरणेपणी इकडे आले, एका मोठ्या प्रकल्पात ऑपरेटर झाले, इथेच घर बांधलं. शेजारी मासळी शिजली तर खिडकी लावून घेणारा माणूस, पण एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. निवृत्ती तोंडावर आली होती. गुन्ह्यात नाव लागलं असतं तर गेटपास जमा झाला असता आणि उभ्या जन्माची नोकरी शेवटच्या पायरीवर मातीत गेली असती.

ठाण्यात ते माझ्यासमोर बसले. म्हणाले, "सायेब, मला आलेला मेसेज फुडं ढकलता येत न्हाई, लिहिणार कुठनं?"

खोटं बोलणारा माणूस एक तर आधी चिडतो, नाहीतर आधी पाणी मागतो. भाऊंनी नुसता चष्मा पुसला. मला त्यांचं पटलं, पण पटणं डायरीत लिहिता येत नाही.

त्याच दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. सोबत संगणकाची जाणकार अशी आमची महिला शिपाई होती. तिने घरातला लॅपटॉप पाहिला, नवरा-बायको दोघांचे फोन पाहिले आणि म्हणाली, "सर, वायफाय यांचंच आहे, पण संदेश यांच्या फोनवरून गेलेला नाही. पासवर्ड कुणाकुणाला दिलाय?"

वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "मागंल त्याला दिला. विरजण आणि पासवर्ड, दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणायचं?"

मला हसू आलं. शिपाईबाईंनी त्यांना समजावलं, की वायफायवरून जाणारं-येणारं सगळं सांकेतिक भाषेत गुंडाळलेलं असतं आणि पासवर्ड ही त्याची किल्ली. किल्ली गावभर वाटली की उद्योग दुसऱ्याचा आणि पत्ता तुमचा. ही किल्ली त्यांच्या मुलीने कॉलेजात असताना बसवून दिली होती, ती आजतागायत तीच होती.

"मग आत्ता बदलून टाका," मी म्हणालो.

"तेवढं नगं सायेब," भाऊ चटकन म्हणाले.

"दारात पोलीस आले तरी नको?"

"नगं."

चोरी झाल्यावर कुलूप लावायला नाही म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

मी माझा फोन त्या वायफायला जोडून घेतला आणि घराभोवती चालायला लागलो. कंदिलाचा उजेड अंगणात कुठवर पडतो ते बघावं, तसा तो न दिसणारा उजेड कुठवर पोहोचतो ते पाहत होतो. उन्हाने गल्ली पेंगत होती. कुठल्याशा कारखान्याचा भोंगा लांबून, पाण्याखालून यावा तसा आला. हे सगळं आपण झोपेत तर करत नाही ना, असं क्षणभर वाटलं. मागच्या बाजूला तो उजेड एका भाडेकरूच्या खोलीपर्यंत जात होता. पुढे जांभळाखालच्या कठड्यापर्यंत. त्यापलीकडे काही नाही.

कठड्याशेजारी सुकी मासळी विकणारी म्हातारी बसली होती. तिला विचारलं, इथे कोण बसतं?

"एक पोरगी येते, बाजाराच्या दिवशी. मोबाइल बगत बसते, त्या खिडकीकडं बगते नि जाते. भाऊंचीच हाय ती. कुनाला ठावं नाय?"

मी आत जाऊन भाऊंना एवढंच म्हणालो, की झाडाखाली एक मुलगी येऊन बसते म्हणे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"सायेब, लिहून घ्या. मेसेज मीच टाकला."

सकाळी ज्यांना मेसेज पुढे ढकलता येत नव्हता, ते दुपारी लेखक झाले! पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. ही तर माझ्यापुढेही टिकली नाही. वहिनींना रडू आवरेना. रडतच त्यांनी सांगितलं, मुलीने तारापूरकडच्या मच्छीमार पोराशी लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीत बोलणं नव्हतं. जावई कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्धच्या मोर्चात सर्वांत पुढे. मेसेज त्या दोघांचाच, असं धरून भाऊ मान पुढे करत होते. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली.

राहिला मागच्या खोलीतला भाडेकरू, मजुरांचा मुकादम. "हमको तो पासवर्ड भी नहीं मालूम, साहब," तो म्हणाला. त्याला जबाबासाठी भाऊंच्या ओटीवर बोलावलं. शिपाईबाईंनी पंचांसमोर त्याला फोनचं वायफाय सुरू करायला सांगितलं. फोन काहीएक न विचारता, ओळखीच्या घरात मांजर शिरावं तसा आत शिरला. मुकादम खाली बसला. त्या कारखान्यातलं मजूर पुरवायचं काम त्याच्या हातून गेलं होतं. "बस डराना था, साहब." ते खोटं खातंही त्याच फोनमध्ये सापडलं. पासवर्ड त्याला वहिनींनीच दिला होता, गावाकडचं तान्हं मूल बघता यावं म्हणून.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शिपाईबाई किल्ली बदलायला आल्या, मीही गेलो. त्यांनी लॅपटॉपवर राउटरची सेटिंग उघडली. "आता राउटरवर नवा पासवर्ड टाकते, मग तोच लॅपटॉपवर. जुने सगळे फोन बाहेर जातील."

"समदे?" भाऊंनी विचारलं.

"सगळे."

ते खिडकीकडे बघत राहिले. कठड्यावर मुलगी बसली होती. "तिचा फोन मग घर वळखायचा न्हाई," ते हळू म्हणाले. "तेवढंच म्हायेर उरलंय तिचं."

"फोन नाही ओळखणार," मी म्हणालो. "तुम्ही ओळखता ना? जा, तोंडाने सांगा."

मग भाऊंनीच शिपाईबाईंना नवा पासवर्ड सांगितला. वहिनींनी चमकून वर पाहिलं. ते जावयाच्या होडीचं नाव होतं. ते भाऊंना ठाऊक असेल असं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. शिपाईबाईंनी नुसतं नाव सोपं पडतं म्हणून कुरकुरत पुढे आकडे जोडले. ते नाव इथे लिहीत नाही. पासवर्ड अजून तोच असला तर?

भाऊ चपला न घालताच गेले. मुलगी उठून उभी राहिली. ते एकेक अक्षर सांगत होते, ती टाइप करत होती. नाव पुरं होता होता तिची बोटं थांबली आणि तिने बापाकडे पाहिलं. पुढचे आकडे भाऊ विसरले. ते विचारायला दोघं मिळून घरात आली.

मुकादमावर दोषारोपपत्र गेलं, त्याला शिक्षा झाली. पण मी शिकलो ते वेगळंच. किल्ली बदलली की परके बाहेर राहतात, हे खरं. आपलेही बाहेर राहतात. त्यांच्यापर्यंत मग चालत जावं लागतं.

मध्यंतरी त्या बाजूला गेलो होतो. जांभळाखालचा कठडा रिकामा होता. भाऊंची खिडकी सताड उघडी होती आणि आतून बोंबील तळल्याचा वास गल्लीभर पसरला होता.