शांत गावातला फोन

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या चिमुकल्या, शांत गावात मराठी घरं दोनच: आमचं आणि अकोल्याकडच्या भाऊंचं. भाऊ रोज संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारत बार्शीटाकळीला आईशी फोनवर बोलतात. आवाज चार घरं ओलांडतो.

"हळू बोला, भाऊ. कोणी तक्रार करेल," मी बजावलं.

"मायले कमी आयकू येते, ताई. हळू बोललो तं तिले समजन कसं?"

तरी धास्तावले आणि दारं-खिडक्या लावून बोलू लागले.

आठवड्याभरात शेजारचे गोरे आजोबा दारात उभे राहिले. भाऊंनी आधीच माफी मागून टाकली.

आजोबा गोंधळले. "आवाज बंद झाला, म्हणून विचारायला आलो. आई बरी आहे ना?"

आता फोन पुन्हा अंगणात असतो. कुंपणावरून आजोबाही ओरडतात, "माय, जेवली काय?"