पारंपरिक चालीची मालकीण

दोह्यातल्या मुंतझा भागातल्या त्या चार मजली इमारतीत अशी वदंता होती की, तिसऱ्या मजल्यावरच्या नीलांबरी बिवलकरांनी लुसैलच्या हॉलमधून भर कार्यक्रमात पेटी बगलेत मारून पोबारा केला. ही बातमी दुसऱ्या मजल्यावर उतरेपर्यंत पेटीबरोबर तबलाही गेला होता, आणि तळमजल्यावर तर बाईंचे यजमान गिरीश बाहेर गाडी चालू ठेवूनच थांबले होते.

खोटं, साफ खोटं. एक तर पेटी बाईंची स्वतःची. दुसरं, गिरीशराव म्हणजे मेसईदच्या खत कारखान्यात उमर काढलेला माणूस. सिग्नलला उभं राहायचं तरी इंजिन बंद करतो, तो चोरीसाठी बरा पेट्रोल जाळेल. आणि तिसरं म्हणजे बाई कुठे गेल्याच नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत पेटीपुढे मांडी घालून बसल्या होत्या. फक्त हात पेटीवर नव्हते, मांडीवर होते.

ते मांडीवर का आले हे सांगायचं तर पुण्याला जावं लागतं, कारण बाईंचा तो राग पुण्याहून आणलेला आहे. इथल्या उन्हात फक्त चांगला वाळला.

बाईंचे वडील पोपटराव. शनिवार पेठेत त्यांचा छोटा छापखाना होता. एरवी लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं. पण युद्ध लागलं की रणगीतं. आठ पानांची पुस्तिका, वर गाण्याचे शब्द आणि खाली पेटीवर वाजवायला सरगम. रेडिओवर आघाडीच्या बातम्या सुरू झाल्या की पोपटरावांच्या घरात पेटीचा भाता हलू लागे. पेटीवर बसायच्या त्यांच्या पत्नी, द्वारकाबाई. पोपटराव चार ओळी जुळवून आणायचे, "जरा चढती चाल दे गं, जवान निघालेत," म्हणायचे, आणि द्वारकाबाई विळी आडवी करून, हात पदराला पुसून चाल द्यायच्या. ती कागदावर उतरे, खिळे जुळत आणि पुस्तिकेवर छापून येई: शब्द – पोपटराव. संगीत – पारंपरिक.

"परंपरेला अजून पोळ्या लाटायच्यात, लवकर उतरवून घ्या," असं द्वारकाबाई एकदा म्हणाल्या होत्या. पोपटरावांना ते बोचलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "अगं, रणगीत आहे. बाईमाणसाचं नाव वाचून कोण छाती पुढे काढणार?" मुखपृष्ठावरचा जवान मात्र त्यांना चालायचा. तो मुळात कुस्त्यांच्या जाहिरातीतला पैलवान. रंगाऱ्याने त्याच्या लंगोटावर पँट चढवली होती आणि हातातली गदा काढून बंदूक दिली होती.

पासष्टच्या युद्धात त्या पुस्तिका गरम भज्यांसारख्या गेल्या. म्हणून एकाहत्तरला पोपटरावांनी अंदाज बांधला की हे युद्ध निदान उन्हाळ्यापर्यंत पुरेल. गाद्यांचं फडताळ रिकामं करून त्यात कागद भरला. खिडक्यांना काळे कागद लावून आत यंत्र धडधडत राहिलं. गठ्ठे बांधून झाले, आता सकाळी एस.टी.वर घालायचे, आणि त्याच संध्याकाळी रेडिओने सांगितलं की युद्ध थांबलं. पेठेत पेढे वाटले. पोपटराव रेडिओपुढे बसून ढसाढसा रडले. शेजारी म्हणाले, बघा, याला म्हणतात देशावरचं प्रेम. लहानगी नीलांबरी दारात उभी होती. वडील विजयाने रडत नाहीयेत, हे तिला एकटीलाच कळलं. आणि स्वयंपाकघरातून आईचं हसणं ऐकू आलं. वडिलांच्या रडण्यापेक्षा तिला त्या हसण्याची भीती वाटली.

पुढे त्या घरात रणगीतांवर पापड वाळले, फळ्यांवर रणगीतं अंथरून डबे ठेवले गेले, लोणच्याच्या बरणीखाली सरगमीला तेलाची गोल कडी पडली. द्वारकाबाई आपल्याच चाली झाडून पुसून पुन्हा अंथरायच्या. त्या गेल्या तेव्हा जगातल्या एकाही चालीखाली त्यांचं नाव नव्हतं. नीलांबरीने तेव्हा एवढंच ठरवलं, की आपण एक तरी चाल करायची आणि तिच्याखाली आपलं नाव छापायचं. देवाकडे तिने दुसरं काही मागितल्याचं ऐकिवात नाही. गिरीशरावांसाठीही नाही.

तर दोन हजार सतराच्या जूनमध्ये शेजारी देशांनी कतारची दारं लावून घेतली. रमजानचे दिवस होते. लोकांनी आधी दुकानातलं दूध उचललं, मग तुर्की दूध नावं ठेवत ठेवत प्यायले, मग विमानातून गाई आल्या आणि मंडळी निवांत झाली. स्टेडियमची कामं धूळ उडवत चालूच राहिली. या सगळ्यात गाणी मात्र उदंड आली. गाडीत, मॉलमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, जिकडेतिकडे नवी नवी देशाची गाणी.

नीलांबरीबाई घरच्या हॉलमध्ये पेटीचा क्लास चालवायच्या. पुण्या-नाशिकच्या घरांतली पोरं भूप शिकायला बसायची आणि म्हणायची, "आंटी, दॅट साँग फ्रॉम द कार." शाळेत राष्ट्रीय दिनाला वाजवायला तीच गाणी हवी होती. बाई ऐकून ऐकून सरगम उतरवायला लागल्या. शब्दांचा अर्थ खालच्या किराणावाल्या युसुफकडून घेतला. घोडं अडलं ते स्वरावर. अरबी गाण्यात कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध एक स्वर येतो, आणि पेटीला तिथे पट्टीच नाही. बाई महिनोन्‌महिने त्या एका स्वरापाशी बसून राहिल्या.

समोरच्या दारातली नीता चहा प्यायला यायची. ती म्हणाली, "नीला, नाही बसत तर सोडून दे ना. कोण शेख येणारे तुझी पेटी तपासायला?"

"चुकीचं छापलं ना नीता, की तेच पुढे चालू राहतं."

"छापतेयस? अगो, नाकेबंदी उठेल तुझं शुद्धलेखन होईपर्यंत."

नीताची जीभ काळी आहे हे इमारतीत तोवर कुणाला माहीत नव्हतं.

शेवटी बाईंनी त्या स्वरावर एक छोटी चांदणी काढायची ठरवलं. पुस्तिका पुरी झाली, ‘नाकेबंदीतली गाणी’. शेवटच्या पानावर त्यांचं स्वतःचं मराठी गाणं, ‘लावलेल्या दारामागे’. बाहेरून कड्या घातलेल्या घराचं, आत चूल पेटत राहिल्याचं. आणि खाली: शब्द व संगीत – नीलांबरी बिवलकर. पहिल्या पानावर ‘आई, द्वारकाबाईंस’. पुस्तिका पुण्याला छापून झाल्या आणि नेमका लॉकडाऊन लागला. वीसच्या दिवाळीनंतर ज्याला ज्याला विमानात जागा मिळाली त्याच्या त्याच्या बॅगेतून, चकल्यांच्या डब्याखाली आणि हिंगाच्या पुडीशेजारी, त्या थोड्या थोड्या दोह्यात उतरल्या. पानांना भाजणीचा वास येत होता. बाईंनी तो वास घेत स्वतःचं नाव वाचलं. नीता म्हणते, बाई देव्हाऱ्यापुढेही इतका वेळ बसत नाहीत.

इथे कौशिकची ओळख करून दिली पाहिजे. ‘स्वरकट्टा’ नावाच्या गाणाऱ्या मंडळींचा तो सेक्रेटरी. लुसैलला फायनान्समध्ये नोकरी, वय कोवळं, आणि सावधपणा साठी उलटलेल्या माणसाचा. बाईंची एक सोडून त्याने सगळ्या प्रती आपल्या ताब्यात घेतल्या. संक्रांतीला प्रकाशन ठरलं, तिळगुळाबरोबर एकेक प्रत. पण शेजारी देशांनी आमच्याआधी तिळगूळ वाटला. जानेवारीच्या सुरुवातीलाच समेट झाला, सीमा उघडल्या.

गिरीशराव आनंदाने म्हणाले, "चला, खलास. सुटलो एकदाचे." बाईंचे डोळे भरून आले. गिरीशरावांना वाटलं, आनंदाने. त्यांनी पाठीवर थोपटलंसुद्धा. बाईंना मात्र रेडिओपुढे बसलेले पोपटराव दिसले आणि स्वतःचीच शिसारी आली. ज्या बापाला जन्मभर नावं ठेवली, त्याच्यासारखाच आपल्यालाही तह बोचावा.

दुसऱ्या दिवशी कौशिकचा फोन आला. "काकू, प्रकाशन जरा होल्डवर ठेवू या. आता वातावरण वेगळं आहे."

"कोणी काही म्हणालं का?"

"म्हणालं नाही. पण म्हणण्याची वेळ कशाला येऊ द्यायची?"

संक्रांत गेली, रथसप्तमी गेली. बाई म्हणाल्या, वाटायच्या नसतील तर माझ्या प्रती मला आणून दे. कौशिक घुटमळला.

"काकू, त्या मी ऑफिसच्या मशीनमध्ये घातल्या. श्रेडरमध्ये. पेपर रिसायकल होतो तिथे. तुमच्याच सेफ्टीसाठी."

कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. मुंतझात एक बाई पेटी शिकवते याचा सरकारला पत्ताही नव्हता. पण परक्या देशात राहून आपल्या लोकांना एक खोड लागते. कुणी डोळे वटारण्याआधीच आपले आपण कान पकडून उभे. पोपटरावांच्या गठ्ठ्यांवर निदान पापड तरी वाळले. बाईंच्या पुस्तिकेच्या शेवया झाल्या, त्यात आईचं नावही गेलं. एक प्रत घरी होती, ती बाईंनी कपाटात ठेवून किल्ली मंगळसूत्राला अडकवली.

वर्ल्ड कपचं वर्ष उजाडलं. दोह्यात कठडे रंगले, झाडं एका रात्रीत मोठी होऊन आली, आणि कौशिक खजुराचा डबा घेऊन बिवलकरांकडे आला. स्वरकट्ट्याला लुसैलच्या हॉलमध्ये स्वागताचा कार्यक्रम मिळाला होता.

"काकू, तुमची ती ‘लावलेल्या दारामागे’ची चाल हवीय. शब्द मी बदललेत. ‘उघडलेल्या दारातून’. पाहुण्यांवर आहे."

"दार माझं, उघडलंस तू."

"चाल तुमचीच राहणार ना काकू."

"मग कार्यक्रमाच्या कार्डावर छाप तसं. संगीत, नीलांबरी बिवलकर. नाहीतर राहू दे."

"शंभर टक्के छापतो."

"इन्शाल्ला म्हणाला नाहीस, म्हणजे खरंच छापशील."

कौशिक हसला आणि सवयीने म्हणाला, "इन्शाल्ला."

आणखी एक अट बाईंनी घातली: कागद मिळणार नाही. ज्याला शिकायचं त्याने ऐकून शिकावं. छापखानेवाल्याची मुलगी, पण तिचा आता कागदावर विश्वास उरला नव्हता. कीबोर्ड वाजवणारा कैवल्य कागद पुढे असल्याशिवाय बोट हलवत नाही. तो तालमीत नुसते सूर धरून बसायचा. गाणाऱ्यांनी बाईंच्या पेटीचं बोट धरलं आणि चालत सुटले. पेटी एक पाऊल पुढे, मंडळी एक पाऊल मागे. त्या दिवसांत बाई स्वयंपाक करताना गुणगुणायच्या, हे गिरीशरावांनी नीताच्या नवऱ्याला घाबऱ्या आवाजात सांगितल्याचं सर्वांना ठाऊक आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी सगळे कतारची मरून रंगाची जर्सी घालून आले. नीताने जर्सीवर पैठणीचा पदर घेतला होता आणि ती गोलकीपर आहे की विहीणबाई हे कळत नव्हतं. दारात कार्डं वाटली जात होती. नीताने एक उघडलं, वाचलं आणि बुडाखाली घेऊन बसली.

"दे इकडे," नीलांबरीबाई म्हणाल्या.

"काही नाही गं, जाहिराती आहेत."

"नीता, ऊठ."

कार्ड गुळगुळीत होतं, फुटबॉलभोवती तोरण. ‘उघडलेल्या दारातून’. शब्द – कौशिक. संगीत – पारंपरिक.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग कौशिकला बोलावून घेतलं. तो घड्याळाकडे बघत आला.

"काकू, चिडू नका. तुमचं नाव टाकलं की कुणीतरी विचारणार, यांचं आधीचं काय, मग ते पुस्तक निघणार. पारंपरिक म्हटलं की विषयच संपला. आणि मानच आहे ना तो? आपल्या परंपरेचा मान."

"माझ्या आईलाही फार मिळाला तो मान," बाई म्हणाल्या.

कौशिकला ते कळलं नाही आणि त्याला वेळही नव्हता. बाईंनी कार्डाची घडी घातली, ब्लाउजमध्ये खोचली आणि रंगमंचावर जाऊन पेटीपुढे बसल्या. नीताला वाटलं, गिळलं बिचारीने. बायका गिळतात.

गणपतीचं झालं, एक लावणी झाली, पोरांनी झेंडे नाचवले. मग कौशिकने माईकवरून तीन भाषांत पाहुण्यांचं स्वागत केलं आणि स्वागतगीत जाहीर केलं. हॉल भरलेला. एवढ्या लोकांपुढे ती चाल पहिल्यांदाच वाजणार होती, आणि आज राहिली तर पुन्हा कधी वाजेल याची खात्री नव्हती. हे बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची बोटं शिवशिवत होती. त्यांनी ती मांडीवर एकमेकांत अडकवली.

तबल्याने ठेका धरला. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. गाणाऱ्या मंडळींनी श्वास घेतला आणि सोडून दिला. कैवल्यने हळूच एक सूर दाबला, तो भलताच निघाला, म्हणून उचलला. पहिल्या रांगेत नीताने पदर तोंडाला लावला, रडू दाबायला की हसू, हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. कौशिक चेहऱ्यावरचं हसू न हलवता पेटीजवळ सरकला आणि दातांतून म्हणाला, "काकू, सुरू करा ना. लोक बघतायत."

पेटीपुढचा माईक चालू होता. बाईंनी आवाज चढवला नाही.

"पारंपरिक चाल आहे ना कौशिक? मग तुम्हाला सगळ्यांना येतच असेल. वाजवा."