हिरामावशीच्या गाडीचं छप्पर

जुन्या गाड्यांच्या यार्डातून गाड्या जातात, किस्से मात्र मागे साचत राहतात. रेवदंड्याच्या रस्त्यावर आमच्या शेठचं यार्ड आहे, तिथली कागदपत्रं मी बघते. आत झोपायची सोय असलेल्या जुन्या कॅराव्हॅन विकतो आम्ही. दुपारी नारळींची सावली त्यांच्यावरून सरकते, तेव्हा त्या उभ्याउभ्याच कुठेतरी निघाल्यासारख्या वाटतात.

*

रेवदंड्याची हिरामावशी आणि तिचा नवरा बाळाकाका होडी विकून गाडी घ्यायला आले. काका थेट गाडीखाली शिरले. जोडांवर हात फिरवला, बोटांनी टकटक केलं. "तळ पक्का हाय!" म्हणाले आणि चावी घेतली. उभा जन्म दर्यावर गेलेला माणूस, पाणी खालूनच येतं एवढंच त्यांना ठाऊक. छपराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी मावशीला विचारलं, "जाणार कुठे?"

"म्हसळ्याच्या डोंगरात. हे होडीवर गेले की रातभर दर्याचा आवाज आयकत जागी असायची मी. तो आयकू येनार न्हाय तिथं एकदा गाढ झोपायचंय."



*

काकांनी हौसेने गाडी धुतली. छपरातून पाणी गळून आतली गादी ओलीचिंब झाली, तशी दोघं गाडी घेऊन यार्डात परत आली.

शेठने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

मी म्हटलं, "शेठ, 'आत थेंब येणार नाही' असं तुम्ही माझ्यासमोर सांगितलंत. गाडी जुनी असली तरी ग्राहक आयोगात दाद मागता येते. तिथे ही पाटी दाखवून सुटका नाही."

"तुला पगार कोण देतं?"

"तुम्हीच. म्हणून तर आधी तुम्हाला सांगितलं."

*

शेठ नरमले, पैसे परत देतो म्हणाले. मावशी ऐकेना. "पैशे नको, छप्पर नीट करून द्या. तवर मी गाडीतच बसते."

आणि बसली की! यार्डातच गाडीला पडदे लागले, दोरीवर बोंबील वाळू लागले. गिऱ्हाईक आलं की खिडकीतून मावशी सांगायची, "पयलं वर पानी मारून बघा." शेठ कारागिराला सकाळ-संध्याकाळ फोन करू लागले.

*

छप्पर झालं. मावशीची एकच अट होती. आत शेठने झोपायचं आणि वरून काका पाणी मारणार.

शेठ कुरकुरत आडवे झाले. छपरावर पाण्याचा मंद आवाज, खिडकीत हलणाऱ्या झावळ्या, गार वारा. एवढ्या गाड्या विकल्या, पण त्यातल्या एकाही गादीवर शेठ कधी पडले नव्हते. थोड्याच वेळात ते घोरू लागले.

मावशीने मला खूण केली आणि आत जाऊन समोरच्या बाकावर बसली. काकांनी पाईप बंद केला, स्टिअरिंगवर बसून हळूच चावी फिरवली. कागदपत्रं माझ्याकडे होती, त्यामुळे मीही चढले.

शेठना जाग आली तेव्हा खिडकीत डोंगर होता. दर्याचा आवाज कुठेच नव्हता. त्यांनी आधी हात वर करून छप्पर चाचपलं.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "मावशी, बघा, एक थेंब नाही."

समोरच्या बाकावर मावशी गाढ झोपली होती.