विभूतीची एकच वडी

लेकाच्या नाकाखाली बारके फोड उठले, फुटले आणि त्यांवर गुळाच्या पाकासारखी पिवळी खपली धरली. मला वाटलं, आंबे बाधले. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता हाय. इबूत लावते." आमच्या देवापुढे विभूतीची एकच वडी. अंघोळ झाली की ओली तीन बोटं तिच्यावर घासायची आणि कपाळावर ओढायची. सासूबाई त्याच बोटांनी नातवाच्या खपल्यांवरही लावू लागल्या. आठवड्यात फोड हनुवटीवर उतरले, माझ्या मनगटावरही एक आला. मी शाळेतल्या पोरांच्या नावानं खडे फोडले. स्वतः मास्तरीण असून!

नणंद तेव्हा बाळंतपणाला आलेली. तिची लेक दहा दिवसांची होती.

मैलूरला आमच्या कोपऱ्यावर मेडिकल आहे. ते चालवणाऱ्या अक्का औषधाचं रीतसर शिकलेल्या, पण तोंडानं फटकळ. लेकाला बघताच म्हणाल्या, "ही उष्णता न्हाई, लागण हाय. एकाची दुसऱ्याला होती. आधी डॉक्टरला दाखवा, चिठ्ठी आणा, मग मलम देते. खपली कोमट पाण्यानं भिजवून हळू काढायची, ओरबाडायची न्हाई. टावेल वेगळा, नखं कापा, सारखे हात धुवा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत शाळा बंद." मग चष्म्यावरून बघत, "घरात तान्हं हाय का?"

"हाय की. पण ह्याला तिच्याजवळ जाऊ देत न्हाई आम्ही."

"तुम्ही तर जाताव न्हवं? मग बोलत कामून उभारलाव? तान्ह्याला हे लई वाईट. एक फोड दिसला तरी तसंच दवाखान्यात न्यायचं."

दवाखान्याच्या वाटेवर माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज सकाळी सासूबाईंची तीन बोटं आधी नातवाच्या खपलीवर, मग वडीवर, मग बाळाच्या कपाळावर. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

मलम घेऊन घरी आले. सासूबाईंना सांगायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात. रागही होता, थोडा माझाच मला. "आत्या," मी म्हणाले, "इबुतीचा दोष न्हाई. बोटांचा हाय."

त्या भांडल्या नाहीत. आधी हात धुतले, मग खिडकीपाशी नणंदेला बाळ उघडं करायला लावलं आणि लांबून कपाळ, कानामागं, मानेच्या घड्या बघितल्या. अंग स्वच्छ होतं. तेव्हा त्या खाली बसल्या. "माझ्या हातानं झालं असतं गं," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी जुनी वडी त्यांनी बेलाच्या बुडाशी ठेवली. नवी आणून तिचे तुकडे केले आणि ज्याला त्याला आपापल्या डबीत दिले.

लेक बरा झाला. बाळाला काहीच झालं नाही. डॉक्टरांनी आता काळजी नाही म्हटल्यावर नणंदेनं आपली लेक आईच्या मांडीवर द्यायला पुढं केली. सासूबाईंनी हात पदराखाली घेतले.

"धुतलेत की, आत्या. मी बघितलं."

"व्हय, दोनदा धुतलेत," त्या म्हणाल्या, आणि उठून परत धुवायला गेल्या.