सुकट, गोळ्या आणि एक अंगठा

इंदुरी गावच्या त्या बाईची केस आठवली की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं.

सकाळी सरकारी दवाखान्यातून माझ्या पोलीस ठाण्यात फोन आला. चाळिशीची बाई, जेवताच डोकं फुटेल असं दुखायला लागलं, रक्तदाब भयंकर वाढला, आता बेशुद्ध. विषबाधेचा संशय. मागोमाग तिचा भाऊ आला.

"सायब, दाजींचाच संशय हाय. ही निसती झोपती, लय खाती, म्हनून वैतागल्यात."

त्याची फिर्याद घेतली, नवऱ्याला ठाण्यात बसवलं.

"सुकट तिनंच केलती, सायब," तो रडत म्हणाला. "मीबी तीच खाल्ली. मला कुटं काय झालंय?"

घराच्या पंचनाम्यात गोळ्यांची बाटली सापडली. औषधाचं नाव नाही, फक्त नंबर. नवऱ्याला विचारलं.

"लोणावळ्याच्या डॉक्टरनं दिल्या. ताकदीच्या हायेत म्हनले."

मी थेट लोणावळा गाठलं. खासगी दवाखान्याचा डॉक्टर शांतपणे म्हणाला, "नैराश्याच्या एका वेगळ्या प्रकारावर नव्या औषधाची चाचणी चालू आहे. यात माणूस खूप झोपतो, खूप खातो, पण पाहुणे आले की हसतोही. बाकी माहिती गोपनीय आहे."

"तिकडं बाई मरतेय. औषध सांगा, नाहीतर गाडीत बसा."

त्याने माझ्यासमोर सरकारी दवाखान्यात फोन केला. तिथे लगेच उपचार बदलले.

मग संमतीपत्र मागितलं. सगळं इंग्रजीत. खाली बाईचा अंगठा, आणि 'मराठीत वाचून दाखवले' म्हणून साक्षीदाराची सही. साक्षीदार कोण? दवाखान्याचाच ड्रायव्हर. त्याच्यापुढे कागद ठेवला.

"वाच."

त्याने कागद माझ्याकडे परत सरकवला. "साहेब, इंग्लिश मला कुठं येतंय? सर म्हणाले सही कर, केली."

तिसऱ्या पानावर होतं: या गोळ्यांबरोबर सुकी मासळी खाऊ नये, रक्तदाब जिवावर बेतेल इतका वाढतो. आठवड्यातून दोनदा सुकट शिजणाऱ्या घरातल्या बाईला ही एक ओळ कुणी सांगितली नव्हती! आणि डॉक्टर मलाच विचारतो, "फॉर्म तर पूर्ण भरलाय ना?"

त्याच्यावर आणि ड्रायव्हरवर गुन्हा दाखल केला. औषधांच्या चाचण्या व्हायलाच हव्यात, पण माणसाला अंधारात ठेवून नव्हे.

बाई वाचली. भाऊ खजील होऊन ठाण्यात आला. मी त्याला त्याचीच फिर्याद वाचून दाखवली. 'दाजी नेहमी मारहाण करीत' या ओळीवर त्याने मला थांबवलं.

"मारहान? हे मी कवा बोललो, सायब?"

हवालदाराने सवयीने लिहिलं होतं. खाली भावाचा अंगठा होता आणि माझी सही. वाचून कुणीच दाखवलं नव्हतं.

त्यानंतर माझ्या ठाण्यात फिर्याद मोठ्याने वाचल्याशिवाय शाईचं पॅड उघडलं नाही. पण त्या नवऱ्याने अख्खा दिवस आमच्या बाकावर काढला होता, तो माझ्या सहीमुळे.