गोणपाटाचा पडदा आन् बटनावरची गाडी

इंजिनवाले भाऊहो, हातची काजळी न धुता हा कागद आपल्या फळ्यावर लावून राहिलो. आज मले शिसारी आली.

सकाळी अकोल्याले एक मोठे साहेब आले. त्यांनी आमाले विलायतेतल्या नव्या भुयारी गाडीचा फोटो दाखवला. ते गाडी आपोआप चालते, आपोआप थांबते. ड्रायव्हर फक्त बटन दाबते, तरी त्याले बसाले गादीची खुर्ची!

मी म्हटलं, "साहेब, खुर्ची राहू द्या. उन्हाचं काही करा. मागच्या हप्त्यात माहा फायरमन गणपत भट्टीसमोर चक्कर येऊन पडला."

"चला, मूर्तिजापूरपर्यंत इंजिनावर येतो. स्वतः पाहतो," साहेब म्हणाले. मले बरं वाटलं.

उन्हाच्या बाजूनं गणपतनं गोणपाट भिजवून टांगलं होतं. बोरगाव टेशन येण्याच्या आधीच साहेब त्या गोणपाटाले जाऊन चिकटला, तो शेवटपर्यंत हालला नाही. गणपत बिचारा उन्हात उभा राहून कोळसा मारत होता.

मूर्तिजापूरले उतरल्यावर साहेब म्हणते, "हे फडकं आजच काढून टाका. इंजिन गबाळं दिसतं."

बोलताना त्याच्या सदऱ्यातून त्याच गोणपाटाचं पाणी टपकून राहिलं होतं.

पडदे काढाचा हुकूम आता साऱ्याच इंजिनांले हाय. मी माहं गोणपाट उद्यासाठी भिजू घातलं. तुमी तुमचं काढसान काय?